पानशेतची पोती आणि उपाशी अमीबा

दरवर्षी १२ जुलै जवळ आला की पुण्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर पानशेतच्या पुराच्या आठवणी फिरू लागतात. त्यांच्यासोबत दोन वाक्यं हमखास येतात. एक, तो ग्रहांचा कोप होता. दुसरं, जीवावर बेतलं की जो तो आपापला.

पहिल्याचा निकाल लगेच लागतो. १९६१ साली पानशेतचं मातीचं धरण पुरतं बांधून झालेलं नव्हतं, तरी त्यात पाणी साठलं. बांध खचत गेला आणि १२ जुलैच्या सकाळी फुटला. त्या लोंढ्यापुढे खालचं खडकवासलाही टिकलं नाही. ग्रहांचा इथे काडीचाही संबंध नाही.

दुसरं वाक्य जास्त घातक, कारण चांगली शिकलेली माणसंही ते उत्क्रांतीचा नियम म्हणून सांगतात. त्याच पानशेतवर आदल्या रात्री लष्कराचे जवान खचत्या बांधावर वाळूची पोती रचत होते. बांध सकाळपर्यंत तगला, म्हणून लोंढा शहरात दिवसाउजेडी शिरला. लोकांना तो दिसला, पळता आलं. नदीकाठच्या पेठांतली ती माणसं जवानांच्या ना नात्याची, ना ओळखीची.

दुसऱ्यासाठी जीव देणारा स्वभाव उत्क्रांतीत टिकतोच कसा? जो मरतो त्याची संतती कमी, म्हणजे असा स्वभाव काही पिढ्यांत नाहीसा व्हायला हवा. १९६४ साली ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी याचं गणित मांडलं: समोरच्याला होणारा फायदा गुणिले त्याच्याशी असलेलं जनुकीय नातं हे आपल्या नुकसानापेक्षा मोठं असेल, तर त्याग टिकतो. सख्ख्या भावंडांत हे नातं सरासरी निम्मं असतं.

हे गणित प्रत्यक्ष चालताना बघायचं तर डिक्टिओस्टेलियम बघावा. माझा अत्यंत आवडता जीव. जंगलाच्या मातीत राहणारा हा एकपेशीय अमीबा जीवाणू खातो, आणि खायला मिळतंय तोवर प्रत्येक जण खरोखरच आपापला असतो. अन्न संपलं की काही उपाशी पेशी सायक्लिक एएमपी नावाचा रेणू बाहेर सोडतात. शेजारच्या पेशीला तो लागला की ती दोन गोष्टी करते: ज्या दिशेने रेणू आला तिकडे सरकते, आणि स्वतःही तोच रेणू सोडते. निरोप असा पुढे पुढे जातो. पण मग तो उलटा मागे का फिरत नाही? कारण रेणू सोडल्यावर पेशी काही मिनिटं बहिरी होते. नव्या संकेताला प्रतिसादच देत नाही. शिवाय पेशी एक विकर (एन्झाइम) सोडतात, ते आधीचा रेणू तोडून टाकतं आणि पुढच्या लाटेसाठी मैदान साफ होतं. साधारण दर सहा मिनिटांनी एक लाट उठते. सूक्ष्मदर्शकाखाली या लाटांची वलयं आणि सर्पिलं दिसतात, ती बघताना मला आजही वेळेचं भान राहत नाही.

अशा लाखभर पेशी जमून काही मिलिमीटरचा सरपटणारा गोळा बनतो. तो उजेडाकडे जातो, थांबतो आणि उभा राहतो. सुमारे पाचातली एक पेशी सेल्युलोजचा देठ बनून मरते. उरलेल्या त्या देठाच्या टोकावर बीजाणू होऊन वाचतात. देठात कोण जाणार? उपाशी राहून आधीच दुबळ्या झालेल्या पेशींवर ही पाळी जास्त येते. यात फसवणूकही आहे. एका जनुकात बिघाड झालेला एक प्रकार इतरांत मिसळला की देठाचं काम त्यांच्यावर ढकलून स्वतः जास्त बीजाणू बनवतो. पण सगळेच त्या प्रकारचे असले तर देठ आणि बीजाणूंचा तो मनोरा धड उभाच राहत नाही. त्यावर बंदोबस्त म्हणून पेशींच्या पृष्ठभागावर प्रथिनांची जोडी असते. ती जुळली तरच पेशी एकमेकींना घट्ट धरतात, म्हणजे देठ बहुतेक वेळा नात्यातल्यांसाठीच बनतो.

पानशेतला हे गणित तसंच लावता येत नाही. अमीबाला निवड नसते, जवानाला असते. ‘त्यागाचा जीन सापडला’ असे मथळे म्हणूनच फसवे असतात. माणसाचं वागणं परिस्थितीनुसार किती बदलतं, हे जहाजांच्या नोंदींत दिसतं. उप्साला विद्यापीठातल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ साली १८ जहाज दुर्घटनांतल्या १५ हजारांहून अधिक माणसांच्या नोंदी तपासल्या. एकूण पाहता पुरुषांपेक्षा बायका कमी वाचल्या होत्या, मुलं सर्वांत कमी आणि खलाशी सर्वांत जास्त. १९१२ चं टायटॅनिक याला ठळक अपवाद: बुडायला अडीच तासांहून जास्त लागले, आणि बायका-मुलांना आधी उतरवा असा कप्तानाचा हुकूम होता. जिथे असा हुकूम सुटला, तिथे बायकांची वाचण्याची शक्यता वाढली. १९१५ साली ल्युसिटानिया १८ मिनिटांत बुडालं, आणि तिथे तरणेताठे जास्त वाचले.

म्हणजे स्वार्थ की त्याग, हे बऱ्याच अंशी हाताशी किती वेळ आहे आणि पहिला शब्द कोण बोलतं यावर ठरतं. वेळ आपल्या हातात नसतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पुण्यातल्या आंबिल ओढ्याचं पाणी रात्री घरांत घुसलं तेव्हा लोकांना विचार करायलाही उसंत मिळाली नाही. पहिला शब्द मात्र आधी ठरवता येतो. तळमजल्यावरच्या आजी-आजोबांना वर कोण नेणार, मीटर रूमची किल्ली कोणाकडे, पार्किंगकडे धावणाऱ्यांना कोण अडवणार, एवढ्यासाठी सोसायटीची मे महिन्यातली एक सभा पुरते. इतिवृत्तात माणसांची नावं मजल्यानुसार लिहा, आणि प्रत्येक नावापुढे फोन नंबर.