वजनाचं औषध म्हणजे हार्टला धोका? सगळ्यांचं तसं नाही

जळगाव-धुळ्याकडे शेवभाजीच्या पंगतीत कुणी वजनाच्या औषधाचं नाव काढलं की एक जण तरी म्हणतोच, "नको रे भाऊ, त्याने हार्ट जातं." ही भीती हवेतून नाही आली. फेनफ्लुरामिन या वजनाच्या औषधाने हृदयाच्या झडपा खराब होतात म्हणून ते 1997 ला बंद झालं, आणि सिबुट्रामिन 2010 मध्ये अमेरिका-युरोपातून गेलं कारण हृदयरोग्यांमध्ये अटॅक आणि स्ट्रोक वाढलेले दिसले, मग भारतातही बंदी आली.

पण त्यावरून सगळीच औषधं तशी, हे चूक. 2023 च्या सिलेक्ट नावाच्या अभ्यासात 17,604 लोक होते, सगळ्यांना आधीच हृदय किंवा रक्तवाहिन्यांचा आजार, वजन जास्त, डायबिटीस नाही; त्यात आठवड्याला एक सेमाग्लुटाइड या वजनाच्या औषधाचं इंजेक्शन घेणाऱ्यांमध्ये हार्टअटॅक, स्ट्रोक, हृदयविकाराने मृत्यू हे सगळं मिळून 20 टक्के कमी झालं. म्हणजे उलटंच ना!

फेन्टरमिन मात्र हृदयरोग असेल तर नकोच, आणि नाल्ट्रेक्सोन-बुप्रोपिऑनने बीपी वाढू शकतं. ऑर्लिस्टॅट हृदयाला त्रास देत नाही पण वजनही थोडंच उतरतं, वर तेलकट खाल्लं की संडासची धावपळ (आपल्याकडची तर्री बघता विचार करा).

खरी भीती बाळगायची तर बाजारातल्या "हर्बल" स्लिमिंग गोळ्यांची, बऱ्याच वेळा त्यात तेच बंद झालेलं सिबुट्रामिन सापडलंय. सेमाग्लुटाइडही मेडिकलवाल्याला विचारून सुरू करू नका, आधी पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाला सूज) झालेला असेल किंवा घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर (थायरॉइडच्या कॅन्सरचा एक प्रकार) असेल तर डॉक्टरला आधीच सांगा.