ओठांवरची पेटी

चवथीच्या दोन दिवस आधी पेटी बाहेर काढावी, भाता मारावा आणि नेमका मध्यम मुका निघावा, हे गोव्यातल्या भजनी घरांना नवं नाही. पावसाळाभर दमट हवेत पडून राहिलेल्या पितळी पट्टीच्या कडेला एखादा कण जरी बसला, तरी तिची केसाएवढी फट बुजते आणि सूर अडकतो. माउथ ऑर्गनही याच जातीचं वाद्य आहे. भात्याचं काम तिथे आपली फुप्फुसं करतात.

पट्टीचं एक टोक पक्कं बसवलेलं असतं, दुसरं मोकळं. हवा तिला फटीत ढकलते, पट्टीचा ताण तिला परत आणतो आणि हवेचा झोत तुटत-तुटत बाहेर पडतो. ‘पांढरी एक’च्या, म्हणजे ज्याचा सा इंग्रजी ‘सी’ (C) असतो अशा, दहा भोकी माउथ ऑर्गनमध्ये चौथ्या भोकात फुंकलं की हे सेकंदाला सुमारे ५२३ वेळा होतं. स्वस्त वाद्यात पट्टी आणि फट यांचं माप ढिलं असतं. हवा गळते आणि दम लवकर संपतो. हजाराच्या आतलं वाद्य घेताना चकाकीपेक्षा हे पाहावं: हलक्या श्वासालाही स्वर उमटतो का?

दुकानात २४ भोकांचा लांबलचक बाजा हमखास पुढे केला जातो. त्यात एकेका सुराला किंचित वेगळ्या लावलेल्या दोन पट्ट्या असतात. एक ४४० आणि दुसरी ४४४ वेळा कंपली, तर आवाजात सेकंदाला ४ लहरी येतात. ऐकायला गोड लागतं, पण नवख्याने दहा भोकी ‘पांढरी एक’च घ्यावी असं मी ठामपणे सांगेन. पूर्ण सप्तक चौथ्या भोकापासून मिळतं: चौथ्यात फुंकून सा, हवा आत ओढून रे; पाचव्यात ग, म; सहाव्यात प, ध. सातव्यात क्रम उलटतो, आधी ओढून नी, मग फुंकून वरचा सा. खालच्या तीन भोकांत म आणि ध मुळातच नसतात, तो दोष नव्हे.

घेण्यापूर्वी विसाच्या वीस स्वर तपासा. दुसऱ्या भोकात ओढलेला आणि तिसऱ्यात फुंकलेला स्वर एकच, खालचा प, असतो. मोबाइलवरच्या ट्यूनरमध्ये दोन्ही जुळायला हवेत. माझ्या पहिल्या वाद्यात तो दुसऱ्या भोकातला प घुसमटलेला यायचा. पट्टी बिघडली म्हणून मी ते परत द्यायला निघालो होतो. पट्टी ठणठणीत होती. मी तोंड आवळून जोरात हवा ओढत होतो, त्याने स्वर खाली दबत होता. जबडा सैल सोडून हळू श्वास घेतला आणि प मोकळा झाला.

आपल्याकडे मधला सांगाडा प्लास्टिकचाच बरा. लाकूड ओल पिऊन फुगतं, आणि किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत ओल सहज सुकत नाही. मीठ पाणी धरून ठेवतं आणि पितळ खातं. खाल्ल्यानंतर चूळ भरल्याशिवाय वाद्य तोंडाला लावू नका. भज्यांचा चुरा आणि चहाची साखर थेट पट्टीवर जाऊन बसते. वाजवून झालं की भोकं खाली करून तळहातावर ठोका, पुसा आणि थोडा वेळ उघड्यावर सुकू द्या. ओलं असताना डबीत बंद करणं सर्वांत वाईट. बुटांच्या खोक्यात मिळणारी ओल शोषणारी पुडी पावसाळ्यात डबीशेजारी ठेवावी.

पट्ट्या काळवंडल्या म्हणून समईसारख्या चिंचेने घासायला मात्र जाऊ नका. टोकाचं थोडं धातू गेलं तर पट्टी हलकी होऊन सूर चढतो, बुडाशी घासलं तर उतरतो. सूर अडकलाच तर बाहेरच्या पत्र्याचे स्क्रू काढा, पातळ कागदाची कड फटीतून हळूच फिरवा, मग पट्टीचं टोक जरासं उचलून सोडा. मोकळी झाली असेल तर ती बारीकसं ‘टिंग’ करते.