‘हात’ म्हणजे सात

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका सरकारी दवाखान्यात बसलो होतो. डॉक्टर मोकळे होण्याची वाट बघत होतो. डॉक्टर तरुण, सातारकडचे, रुजू होऊन महिनाही झाला नव्हता. समोर एक म्हातारी आजी.

“किती दिवस झाले ताप येतोय?”

“हात.”

डॉक्टरांनी हात बघितला. उलटा केला, दाबला, “इथं दुखतं का?” विचारलं. आजी जरा चिडूनच म्हणाल्या, “हात!” मग डॉक्टरांनी दुसरा हात बघायला घेतला. शेवटी औषधांच्या खोलीतून सिस्टर ओरडल्या, “अहो सर, सात! सात दिवस म्हणतेय ती.”

भिल्ली गटातल्या बऱ्याच बोलींत ‘स’चा ‘ह’ होतो. सुरतेकडच्या गावठी गुजरातीतही होतो, म्हणून आमच्या उधन्याच्या मामांना ही आजी पहिल्या झटक्यात समजली असती. इंग्रजांच्या काळात झालेल्या ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात भिल्ली बोली आणि खानदेशी १९०७ साली एकाच भागात छापल्या आहेत, ते उगाच नाही. दोन्ही गुजरातीच्या जवळच्या. आमच्या अहिराणीत, म्हणजे खानदेशीतच, ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात. गुजरातीतला ‘छे’ शेजारी ठेवून बघा. २०११च्या जनगणनेत अहिराणी धरून ‘खानदेशी’ या नावाखाली १८ लाखांहून जास्त लोक मोजले गेले. यावल-रावेरकडे मात्र लेवा बोली, पहाडात पावरी, मावची, तांड्यावर गोरमाटी. धुळ्याहून धडगावला जाईपर्यंत दोन-तीनदा बोली बदलते.

पण त्या दवाखान्यातला घोटाळा स्वस्तातला होता. काहीतरी अडलंय हे दोघांनाही कळत होतं आणि तिसऱ्या माणसाने एका शब्दात सोडवलं. महागात पडतो तो दुसरा प्रकार, जिथे शब्द सगळे कळतात आणि तरी मन खट्टू होतं. तिथे भाषेचा काही प्रश्न आहे असं कुणाच्या डोक्यातच येत नाही. माणूसच उर्मट आहे, असं वाटून आपण मोकळे होतो.

याचा सगळ्यात नेमका दाखला लंडनच्या हीथ्रो विमानतळावरच्या कॅन्टीनमधला आहे. १९७०च्या दशकातली गोष्ट. तिथे वाढपाच्या कामावर काही भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्याने घेतल्या होत्या. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या, की या बायका तुसड्या आहेत, सहकार्य करत नाहीत. बायकांचं म्हणणं, आम्हाला मुद्दाम वेगळं वागवतात. भांडण झालेलं नाही, शिवी दिलेली नाही. मग झालं काय? जॉन गंपर्झ नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने काउंटरवरची बोलणी टेप केली. ताटात मटण वाढल्यावर इंग्रज वाढपी विचारायची, “ग्रेव्ही?” शेवटी सूर वर. आपल्याकडच्या बायका म्हणायच्या, “ग्रेव्ही.” सूर खाली. शब्द एकच. त्यांच्या मते त्या अगदी रीतसर विचारत होत्या. त्यांच्या भाषेत विचारायचा सूर तसाच होता. इंग्रज कानाला मात्र ते ऐकू यायचं, ‘ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या.’

टेप दोन्ही बाजूंना ऐकवली. आधी त्या बायकांना दोन्ही उच्चारांत फरकच जाणवेना. समजावून सांगितल्यावर उलगडा झाला, की लोक आपल्याशी असे का वागतात. सूर, थांबा, जोर, यांना गंपर्झने ‘संदर्भाच्या खुणा’ म्हटलं. बोलणं विनंती आहे की हुकूम, थट्टा की टोमणा, हे या खुणा सांगतात. त्या आपण आईच्या मांडीवर शिकतो आणि शिकलो होतो हे विसरून जातो, म्हणून दुसऱ्याच्या वेगळ्या असू शकतात ही शंकाच येत नाही.

हाच गंपर्झ महाराष्ट्रातही येऊन गेला होता. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडला. त्याने रॉबर्ट विल्सनबरोबर १९७१ साली लिहिलेला कुपवाडवरचा निबंध भाषाशास्त्राचे विद्यार्थी अजून वाचतात. गावात कानडी, मराठी, उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदलेल्या. शब्द प्रत्येक भाषेने आपापले राखले, पण वाक्याची चाल इतकी सारखी होत गेली की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द लावून दुसऱ्या भाषेत करता यायचं. घरात आपली बोली, गावात एकमेकांशी जुळणारी ठेवण. एकाच गावात हे एवढं, आणि ‘जपानी लोक असे, अमेरिकन तसे’ अशा याद्या देणारी पुस्तकं विमानतळावर भरपूर मिळतात. मला त्यांचा कंटाळा येतो. आख्ख्या देशाचं काय सांगता, जळगावचा लेवा आणि धुळ्याचा अहिराणीवाला एका खान्यात बसवून दाखवा.

‘तू’चंच बघा. अमळनेरच्या आमच्या घरी एकदा माझे पुण्याचे साहेब जेवायला आले. आई दारातच म्हणाली, “ये भाऊ, बठ. तुनं नाव काय शे?” मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेब हसले, पण परतताना गाडीत म्हणाले, “तुमच्या आईंना मी फारच लहान वाटलो का हो?” रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली युरोपातल्या भाषांमधल्या अशाच ‘तू-तुम्ही’चा अभ्यास केला. त्यांच्या मते या सर्वनामांत दोन मापं एकाच वेळी चालतात, एक अधिकाराचं आणि एक जवळिकीचं. साहेबांनी ‘तू’ पहिल्या मापाने मोजला. आईने दुसऱ्या. आमच्याकडे घरच्या वडीलधाऱ्यांनाही ‘तू’ चालतं. ‘तुम्ही’ म्हटलं असतं तर आईच्या लेखी तो साहेब दारातच उभा राहिला असता.

सुराइतकीच फसवी गोष्ट म्हणजे गप्प बसणं. २००९ साली दहा भाषांतल्या रोजच्या गप्पांचं मोजमाप प्रसिद्ध झालं. कुणी हो-नाहीचा प्रश्न विचारला की उत्तर यायला सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जपानीत ही फट जवळजवळ शून्य, डॅनिशमध्ये साधारण ४७० मिलिसेकंद. एरवी साधा एक शब्द आठवून तोंडावर आणायलाच अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो. तेव्हा समोरच्याचं वाक्य संपायच्या आतच आपण उत्तर जुळवायला घेतलेलं असतं. म्हणूनच उत्तराला जरा उशीर झाला की कान टवकारतात. ‘येशील ना?’ला लगेच ‘हो’ आला तर हो, रेंगाळत आला तर मन नाही, असं आपण धरून चालतो.

आता परक्या भाषेत बोलणाऱ्याचा विचार करा. त्याला प्रश्न उलगडायचा, उत्तर जुळवायचं, मग ते त्या भाषेत घालायचं. त्याला उशीर होणारच. नंदुरबार जिल्ह्यात २०११च्या गणनेप्रमाणे शंभरातले एकोणसत्तर लोक आदिवासी. पोर घरी पावरी किंवा भिल्ली बोलतं आणि पुस्तक प्रमाण मराठीत. गुरुजी विचारतात, पोर गप्प, गुरुजी पुढच्याकडे वळतात. मेरी बड रो या बाईंनी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या वर्गांत घड्याळ लावून बघितलं, तर प्रश्न विचारून शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबायचे. ते तीन सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि ‘माहीत नाही’ कमी झालं. ती मुलं तर बहुतेक स्वतःच्याच भाषेत शिकत होती! वर्गात मनातल्या मनात तीन मोजून बघा, किती लांब वाटतात.

समोरच्यासारखं बोलावं का? बोलण्याची चाल माणसं आपोआप जुळवून घेतात, हे हॉवर्ड जाइल्सने १९७०च्या दशकापासून दाखवलं आहे. जुळवण बेताची असेल तर आपलेपणा वाटतो, जास्त झाली की नक्कल वाटते. निवडणुकीत मुंबईहून आलेले पाहुणे माइकवर अहिराणी बोलायला लागले की पारावर खसखस पिकते. ती कौतुकाची नसते.

त्यापेक्षा विचारणं बरं. आर्थर क्लाइनमन या मानसोपचारतज्ज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९७८ साली डॉक्टरांसाठी काही प्रश्न सुचवले होते. या दुखण्याला तुम्ही काय म्हणता? कशामुळे झालं असं वाटतं? कशाची भीती वाटते? पहाडातला माणूस दवाखान्यात येण्याआधी बडव्याकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, जाऊन आलेला असतो. डॉक्टर नाक मुरडतील असं दिसलं तर तो ते सांगत नाही, आणि तिथे काय पाजलं तेही सांगत नाही.

‘समजलं का?’ हा मात्र विचारायचा प्रश्नच नव्हे. त्याला जगात सगळीकडे ‘हो’ हेच उत्तर येतं. वैद्यकात त्याऐवजी म्हणतात, ‘मी नीट सांगितलं की नाही ते बघायचंय, घरी गेल्यावर काय कराल ते मला सांगा.’ परीक्षा सांगणाऱ्याची.

त्याच दवाखान्यातल्या सिस्टर हे करतात. जुलाब झालेल्या बाळाच्या आईला ओआरएसची पुडी दिली, एक लिटर पाण्यात एकदम सगळी टाकायची म्हणून सांगितलं. आईने मान डोलावली. सिस्टर म्हणाल्या, “आता तू सांग.” ती म्हणाली, दर वेळी कपात चिमूटभर टाकीन, बाकीची उद्याला ठेवीन. पुडी काटकसरीने वापरावी, एवढाच तिचा हिशोब. पण असं केलं की कधी मीठ जास्त पडतं, कधी कमी, आणि जास्त मीठ बाळाला सोसत नाही. सिस्टरनी पुन्हा सांगितलं. मग तिने उलटा प्रश्न केला, “लिटर म्हणजे कोणता तांब्या?”

आता सिस्टरच्या टेबलावर पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली असते. एस. टी. स्टँडवरून उचलून आणून, धुऊन, गळ्यापाशी लाल नेलपॉलिशची रेघ मारलेली.