उभा ट्रक आणि वह्यांचं दुकान

बँकेच्या आणि स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना मी नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत संध्याकाळी इंग्रजी शिकवते. परवा भाषांतराला एक साधं वाक्य दिलं होतं : भरधाव टेम्पोने रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रकला मागून धडक दिली. ‘उभा’साठी शब्द जवळजवळ सगळ्यांना आठवला, स्टेशनरी. पण बऱ्याच वह्यांमध्ये टेम्पो ज्या ट्रकवर आदळला होता, तो वह्या-पेनांचा ट्रक होता.

इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत. दोघांची अक्षरं दहा-दहा, त्यातली नऊ तीच आणि त्याच क्रमाने. फरक फक्त आठव्या जागी. तिथे ‘ए’ असेल तर अर्थ स्थिर, एका जागी उभा असलेला. ‘ई’ असेल तर कागद, वह्या, पेनं, पाकिटं. उच्चार इतका सारखा की कान काही मदत करत नाहीत. देवनागरी तर दोन्ही शब्द एकाच रूपात लिहिते, त्यामुळे शाळेत मराठीतून शब्द ओळखीचा झालेल्या मुलाला इथे दोन शब्द आहेत याचा पत्ताच लागत नाही. आपल्याकडे ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. तिथे निदान डोळ्यांना वेलांटी दिसते.

मला या जोडीत सगळ्यात आवडते ती गोष्ट म्हणजे हे दोन शब्द योगायोगाने सारखे झालेले नाहीत, ते सख्खे भाऊ आहेत. दोघांच्या मुळाशी लॅटिनमधलं ‘उभं राहणं’ आहे. मध्ययुगीन युरोपात बराचसा माल फेरीवाले गावोगाव फिरून विकत. विद्यापीठांच्या गावांत मात्र ग्रंथ विकणारे लोक एकाच जागी दुकान थाटून बसत. म्हणून त्यांना नाव पडलं स्टेशनर, आपल्या भाषेत ठाण मांडून बसलेला विक्रेता. लंडनमध्ये ग्रंथ उतरवून काढणारे, बांधणी करणारे आणि विकणारे अशांचा संघ १४०३ साली स्थापन झाला, आणि १५५७ साली त्याला राजसनद मिळाली. पुढे पुस्तकविक्री वेगळी झाली, स्टेशनरकडे कागद, शाई, लेखण्या राहिल्या, आणि त्याच्या मालाला त्याचंच नाव चिकटलं.

‘ठाण’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. संस्कृतातला ‘स्था’ धातू आणि ते लॅटिन क्रियापद ही एकाच प्राचीन कुळातली. त्या ‘स्था’पासून आपल्याकडे स्थान, स्थिर, स्थानक आले आणि घासून घासून ठाणं झालं. इंग्रजीतलं पोलीस स्टेशन आणि मराठीतलं पोलीस ठाणं, स्वारगेटचं बसस्थानक आणि पुणे स्टेशन, सगळी एकाच घरची माणसं. हे फळ्यावर लिहिलं की वर्ग जागा होतो. शब्द परका वाटेनासा झाला की तो पाठ करावा लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता स्पेलिंग. इंग्रजीत माणसाच्या धंद्याचं नाव ‘ई-आर’ने संपतं आणि पुढे ‘वाय’ लागला की धंद्याचं किंवा मालाचं नाव तयार होतं : बेकरचं बेकरी, ग्रोसरचं ग्रोसरी, तसं स्टेशनरचं स्टेशनरी. त्या ‘ई’मध्ये दुकानदार बसलेला आहे. ‘ए-आर-वाय’वाल्याचे सोबती म्हणजे प्रायमरी, सेकंडरी, मिलिटरी, बहुतेक वेळा गुण सांगणारे शब्द. पण हा नियम उलटा लावू नका. लायब्ररी आणि डिक्शनरी ‘ए-आर-वाय’नेच संपतात आणि दोन्ही नामं आहेत.

इंग्रजी शाळांमधून एक खूण सांगतात, ‘ई फॉर एन्व्हलप’. मराठी मुलांना ती देऊ नये असं माझं ठाम मत आहे. आपल्या तोंडी एन्व्हलपची सुरुवात ‘ए’ने होते, आणि ‘ए’ हे नेमकं दुसऱ्याच अक्षराचं नाव. मूल खूण बरोबर आठवतं आणि स्पेलिंग चुकतं. मी पेन आणि कार वापरते. पेनच्या स्पेलिंगमध्ये मधलं अक्षर ‘ई’, कारमध्ये ‘ए’. पेन दुकानात मिळतं, कार रस्त्याकडेला उभी असते. शिवाय ‘अचल’ रोमन लिपीत लिहिलं की पहिलं अक्षर ‘ए’च येतं.

जूनमध्ये आप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. पुस्तकं, वह्या, कव्हरं, कंपास, सगळं तिथे. पण शहरात फिरताना पाट्या वाचत गेलात तर ‘ए’वाली स्टेशनरी लिहिलेली दुकानं कितीतरी सापडतील. मुलं रोज तेच वाचतात, आणि परीक्षेत तेच बरोबर वाटतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण वह्या घ्यायला येणाऱ्या मुलाच्या डोळ्यांसमोर चुकीचं स्पेलिंग एवढ्या मोठ्या अक्षरांत असतं.

अशा आणखी जोड्या आहेत. ‘परिणाम करणं’ आणि ‘परिणाम’ यांची अॅफेक्ट-इफेक्ट ही सहा-सहा अक्षरांची जोडी पहिल्याच अक्षरात वेगळी होते. कॉम्प्लिमेंटच्या दहा अक्षरांत सहाव्या जागी ‘आय’ असेल तर कौतुक, ‘ई’ असेल तर पूरक. क्वाएट आणि क्वाइट यांत तर पाचही अक्षरं तीच, फक्त शेवटच्या दोघांनी जागा बदललेल्या.

टेम्पोच्या त्या वाक्यावर मी लाल शाईने फक्त आठव्या अक्षराभोवती गोल केला आणि बाजूला मराठीत लिहिलं : ट्रक उभा होता की दुकान भरायला निघाला होता?