आल्बेनिया : संक्रमणकाळातील शासन व अर्थव्यवस्था

बाल्कन द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरील एक लहान प्रजासत्ताक. क्षेत्रफळ २८,७४८ चौ. किमी. लोकसंख्या १९८९ च्या जनगणनेत सुमारे ३१.८ लाख, तर २०२३ च्या जनगणनेत सुमारे २४ लाख. राजधानी तिराना. प्रस्तुत नोंदीत १९९० नंतर एकपक्षीय साम्यवादी राजवटीकडून संसदीय लोकशाही व बाजाराधिष्ठित अर्थव्यवस्थेकडे झालेल्या संक्रमणाचाच विचार केला आहे.

पार्श्वभूमी : ऑटोमन साम्राज्यापासून २८ नोव्हेंबर १९१२ रोजी व्लोरा येथे स्वातंत्र्य घोषित झाले. अहमेत झोगू १९२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आणि १९२८ मध्ये राजा झाला. एप्रिल १९३९ मध्ये इटलीने देश व्यापला. १९४४ च्या अखेरीस एन्व्हर होजा याच्या नेतृत्वाखालील साम्यवाद्यांकडे सत्ता गेली आणि ती त्याच्या मृत्यूपर्यंत (एप्रिल १९८५) त्याच्याच हाती राहिली. यूगोस्लाव्हियाशी १९४८ मध्ये, सोव्हिएट संघाशी १९६१ मध्ये आणि चीनशी १९७८ मध्ये, असे एकेका आश्रयदात्याशी संबंध तुटत गेले. १९७६ च्या संविधानाने तर परकीय कंपन्यांना सवलती देण्यास आणि भांडवलशाही देशांकडून कर्ज घेण्यास मनाईच केली. चिनी मदतीने उभ्या राहिलेल्या कारखान्यांची यंत्रे जुनी होत गेली, सुटे भाग मिळेनासे झाले. खाजगी मोटार बाळगण्याची सामान्य नागरिकाला परवानगी नव्हती. काँक्रीटच्या घुमटाकार लष्करी खंदकांवर (बंकर) सिमेंट व पोलाद मात्र अफाट खर्च झाले. लोकांच्या तोंडी या खंदकांचा आकडा साडेसात लाख असा आहे. पावणेदोन लाखांच्या आसपासचा अंदाज अधिक ग्राह्य वाटतो.

सत्तांतर : डिसेंबर १९९० मधील विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर अनेक पक्षांना मुभा मिळाली व लागलीच डेमोक्रॅटिक पक्ष स्थापन झाला. फेब्रुवारी १९९१ मध्ये तिरानाच्या स्कंदरबेग चौकातील होजाचा पुतळा जमावाने खाली ओढला. ३१ मार्च १९९१ च्या पहिल्या बहुपक्षीय निवडणुकीत साम्यवादी मजूर पक्षच विजयी झाला, तो मुख्यतः ग्रामीण मतांवर. पण सरकार टिकले नाही. त्या ऑगस्टमध्ये क्यूबाची साखर उतरवण्यासाठी दुरेस बंदरात लागलेल्या ‘व्लोरा’ या मालवाहू जहाजावर हजारो लोक चढले. दोरांना, शिड्यांना, डोलकाठ्यांना लटकलेली सुमारे वीस हजार माणसे घेऊन ते जहाज इटलीतील बारी बंदरात पोचले. बहुतेकांना परत पाठवण्यात आले. मार्च १९९२ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्ष सत्तेवर आला आणि साली बेरिशा राष्ट्राध्यक्ष झाले. १९९१ या एका वर्षात देशांतर्गत उत्पादन चौथ्या हिश्शाहून अधिक घटले. पुढील वर्षी चलनवाढ २०० टक्क्यांच्या वर गेली.

शेतजमिनीचे वाटप : संक्रमणातील सर्वांत दूरगामी निर्णय डेमोक्रॅटिक पक्ष सत्तेवर येण्याआधीच झाला, ही गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते. १९ जुलै १९९१ चा कायदा क्र. ७५०१ हा तो निर्णय होय. सहकारी शेतसंस्थांची जमीन तेथे राबणाऱ्या कुटुंबांना दरडोई प्रमाणात, विनामूल्य देण्यात आली. पूर्व युरोपात अन्यत्र जमीन सामान्यतः सामूहिकीकरणापूर्वीच्या मालकांना परत देण्याचा मार्ग पत्करला गेला; आल्बेनियाने तो नाकारला. याचे कारण इतिहासात आहे. १९४५ पूर्वी किनारी सपाट प्रदेशातील उत्तम जमीन मोजक्या बेय (ऑटोमनकालीन जमीनदार) घराण्यांकडे होती, आणि ती त्यांना परत देणे म्हणजे कसणाऱ्यांना पुन्हा कुळे करणे झाले असते.

वाटप न्याय्य व्हावे म्हणून प्रतवारी लावली गेली. प्रत्येक कुटुंबाला ओलिताखालची थोडी, कोरडवाहू थोडी, उताराची थोडी जमीन मिळाली. त्यामुळे सरासरीने सव्वा हेक्टरच्या आसपास असलेली शेतीही तीन-चार तुकड्यांत विखुरली, आणि एका तुकड्यावरून दुसऱ्याकडे जायला कोसभर चालण्याची पाळी आली. सामायिक पाटांची देखभाल कोणी करायची, हे कायद्यात स्पष्ट नसल्याने पुष्कळ ठिकाणी पाट बुजले. खरेदी-विक्रीला १९९५ पर्यंत मनाई असल्याने तुकडे जोडून घेण्याचीही सोय नव्हती.

उत्तरेकडील डोंगराळ भागात मात्र कायदा बाजूला ठेवून जुन्या वंशगटांच्या हद्दींप्रमाणेच वाटप झाले. या हद्दी ज्या रूढिसंहितेने राखल्या तिला ‘कानून’ म्हणतात. शब्द मराठीला ओळखीचाच आहे. ही संहिता लेक दुकाजिनी या पंधराव्या शतकातील सरदाराच्या नावे ओळखली जाते. तथापि ती त्याने रचली, की आधीपासूनच्या रूढींना पुढे त्याचे नाव चिकटले, याविषयी एकमत नाही. श्ट्येफेन ज्येचोवी या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने संकलित केलेली संहिता त्याच्या मृत्यूनंतर १९३३ मध्ये श्कोदर येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तीतील नियम पिढ्यान्‌पिढ्या मौखिक परंपरेने चालत आलेले असल्याने दुसरे मत अधिक संभवनीय दिसते. शिवेचा दगड हलवणे हा तीत मोठा अपराध मानला आहे. १९९१ मध्ये डोंगरातील म्हाताऱ्यांनी आजोबांच्या काळातले दगड दाखवले आणि बहुतेक गावांनी ते मानले. सरकारी मोजणीपेक्षा हे वाटप अधिक शांततेने पार पडले असे दिसते.

माजी मालकांसाठी १९९३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. तो प्रामुख्याने इमारती व शहरी जागांचा होता. एकाच जागेवर दोन कायद्यांखाली दोन दावे उभे राहण्याचा प्रकार तेव्हापासून सुरू झाला. ‘तापी’ म्हणजे मालकीचा कागद. आपल्याकडील सातबाऱ्याला जे महत्त्व तेच त्याला. किनाऱ्यावरील जमिनींना पर्यटनामुळे भाव आल्यावर एकाच तुकड्याच्या दोन-दोन ताप्या न्यायालयांत येऊ लागल्या. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये या प्रश्नावर पथदर्शक निकाल देऊन नुकसानभरपाईची परिणामकारक यंत्रणा उभारण्यास सरकारला सांगितले. २०१५ मध्ये त्याप्रमाणे नवा कायदा झाला.

चलन : लेक हे चलन १९२६ पासून प्रचारात आहे. त्या वर्षीच्या एक लेकच्या नाण्यावर अलेक्झांडर द ग्रेट याचे मस्तक आहे. ‘लेक’ हे अलेक्झांडर या नावाचे आल्बेनियन लघुरूप असल्याने चलनाचे नाव त्यावरून आले, हे मत सर्वसाधारणपणे मान्य आहे. १९६५ मध्ये दहा जुन्या लेकांचा एक नवा लेक करण्यात आला. त्यानंतर दोन पिढ्या उलटल्या, तरी बाजारात भाव ‘जुन्या’त सांगण्याची सवय गेलेली नाही. भाजीवाली हजार म्हणाली तर शंभराचे नाणे काढायचे असते. जुलै १९९२ मध्ये लेकचा विनिमय दर बाजारावर सोपवण्यात आला. त्याच वर्षी मध्यवर्ती बँक व व्यापारी बँका वेगळ्या करण्यात आल्या. मात्र व्यापारी बँका सरकारीच राहिल्या आणि नव्या उद्योजकाला त्यांच्याकडून कर्ज मिळणे दुरापास्त होते.

‘फायदे’ आणि १९९७ चा कोसळ : आल्बेनियन भाषेत ‘फायदे’ म्हणजे व्याज, त्यातही सावकारी व्याज. मूळ अरबी शब्द तुर्कीमार्गे तिकडे गेला आणि फार्सीमार्गे मराठीत ‘फायदा’ झाला असावा. सामान्य लोक ज्या योजनांना ‘फायदे’ म्हणत, त्यांना पुढे जगभर ‘पिरॅमिड योजना’ हे नाव मिळाले.

या योजनांचे दोन प्रकार होते. व्हेफा, ज्यालित्सा, काम्बेरी यांसारख्या फर्मांकडे दुकाने, हॉटेले, कारखाने अशी काही प्रत्यक्ष मालमत्ता होती. सुदे, जाफेरी, पोपुली या योजना मात्र जवळजवळ संपूर्णपणे नव्या ठेवीदारांच्या पैशातून जुन्यांना व्याज देत. १९९६ च्या प्रारंभी महिना चार-पाच टक्के व्याज मिळे. पुढे स्पर्धेत ते आठ-दहावर गेले, आणि वर्षअखेरीस दोन महिन्यांत दुप्पट, तीन महिन्यांत तिप्पट अशी आश्वासने दिली जाऊ लागली. लोकांनी घरे विकली. शेतकरी गाई-मेंढ्या हाकत तिरानाच्या बाजारात आणून मिळेल त्या भावाला देत. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अंदाजानुसार या फर्मांची देणी १२० कोटी डॉलरपर्यंत, म्हणजे वार्षिक राष्ट्रीय उत्पादनाच्या जवळजवळ निम्म्यावर पोचली होती. एकट्या जाफेरी व पोपुलीचे मिळून सुमारे २० लाख ठेवीदार असल्याचे सांगतात. एकाच व्यक्तीची दोन्हीकडे नोंद शक्य असल्याने हा आकडा जपून घ्यावा.

कारणमीमांसेत मतभेद आहेत. पन्नास वर्षे बाजार न पाहिलेली जनता भोळेपणाने फसली, असे एक स्पष्टीकरण वारंवार दिले जाते. ते अपुरे आहे, आणि ज्यांचे सर्वस्व गेले त्यांच्यावर अन्याय करणारेही आहे. सरकारी बँका कर्ज देत नव्हत्या. त्यामुळे खाजगी उसनवारीचा बाजार आधीपासूनच होता व तो चालतही होता. इटली-ग्रीसमध्ये राबणाऱ्या नातलगांनी पाठवलेला पैसा घरोघरी येत होता, पण तो गुंतवायला दुसरी जागा नव्हती. यूगोस्लाव्हियावरील आंतरराष्ट्रीय व्यापारनिर्बंधांच्या काळात इंधनाच्या चोरट्या व्यापारातून काही फर्मांना खरोखरच मोठा नफा झाला. १९९५ च्या अखेरीस निर्बंध स्थगित झाल्यावर तो ओघ आटला, आणि व्याजदर त्यानंतरच वाढत गेले हे लक्षणीय आहे. मध्यवर्ती बँकेला कारवाईचा अधिकार आहे की नाही, यावर सरकारातच दुमत होते. काही फर्मांनी सत्ताधारी पक्षाच्या प्रचाराला पैसा पुरवल्याचीही नोंद आहे. ज्या ठेवीदाराला राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर या फर्मांच्या जाहिराती दिसत होत्या, त्याने त्यामागे सरकारची संमती गृहीत धरली तर त्यात वेडेपणा नव्हता.

नोव्हेंबर १९९६ मध्ये सुदेने देणी थांबवली. जानेवारीत सरकारने जाफेरी व पोपुलीची खाती गोठवली. फेब्रुवारीच्या प्रारंभी ज्यालित्सा बुडाली. तिचे केंद्र व्लोरा असल्याने उठावही तेथेच भडकला. मार्चमध्ये दक्षिणेतील शहरे सरकारच्या हातून गेली, सैन्य विरघळले, शस्त्रागारे लुटली गेली. साडेपाच ते साडेसहा लाख शस्त्रे लोकांच्या हाती गेल्याचा अंदाज आहे. मृतांची संख्या सर्वसाधारणपणे दोन हजारांच्या आसपास मानतात. बाश्किम फिनो यांच्या नेतृत्वाखाली सर्वपक्षीय सरकार बनले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठरावानुसार (क्र. ११०१) इटलीच्या पुढाकाराने बहुराष्ट्रीय फौज आली. जून १९९७ च्या निवडणुकीत समाजवादी पक्ष (पूर्वीचा मजूर पक्ष) विजयी झाला व फातोस नानो पंतप्रधान झाले. ठेवीदारांना सरकारी तिजोरीतून भरपाई न देण्याचे धोरण नव्या सरकारने कायम ठेवले. बहुतेकांच्या हाती ठेवीचा अल्प अंशच परत आला.

संविधान व शासनव्यवस्था : १९९१ पासून देश हंगामी संविधानात्मक तरतुदींवर चालत होता. राष्ट्राध्यक्षांना व्यापक अधिकार देणारा मसुदा ६ नोव्हेंबर १९९४ च्या सार्वमतात फेटाळला गेला. प्रचलित संविधान २२ नोव्हेंबर १९९८ च्या सार्वमताने स्वीकारले गेले व २८ नोव्हेंबर या स्वातंत्र्यदिनी अंमलात आले. १९९७ च्या अनुभवाची छाया त्यावर आहे. राष्ट्राध्यक्षांचे अधिकार कमी करून सत्तेचा भार संसदेला जबाबदार मंत्रिमंडळावर टाकला आहे. संसद (कुवेंदी) एकसदनी, १४० सदस्यांची व चार वर्षे मुदतीची आहे. राष्ट्राध्यक्षांची निवड संसद पाच वर्षांसाठी करते. मूळ तरतुदीत त्यासाठी तीन-पंचमांश बहुमत लागे. २००८ च्या दुरुस्तीने शेवटच्या फेऱ्यांत एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून अधिकांची मते पुरेशी ठरवल्याने हे पद सत्ताधारी पक्षाच्या आवाक्यात आले. त्याच दुरुस्तीने प्रादेशिक प्रमाणशीर निवडणूकपद्धती (प्रदेशवार मतांच्या प्रमाणात पक्षांना जागा) आणली. देशात १२ प्रांत (चार्क) आहेत. २०१५ मध्ये ३७३ स्थानिक घटक एकत्र करून ६१ पालिका (बाश्की) करण्यात आल्या.

न्यायसंस्था हा या व्यवस्थेतील सर्वांत दुबळा दुवा होता. जुलै २०१६ मध्ये संसदेने एकमताने संविधानदुरुस्ती करून प्रत्येक न्यायाधीश व सरकारी अभियोक्त्याच्या मालमत्तेची व पार्श्वभूमीची छाननी बंधनकारक केली. छाननीत इतके लोक गळाले वा आधीच राजीनामा देऊन गेले, की संविधानात्मक न्यायालय २०१८ पासून सुमारे दोन वर्षे गणसंख्येअभावी निर्णय देऊ शकत नव्हते. भ्रष्टाचार व संघटित गुन्हेगारीविरोधी विशेष अभियोग यंत्रणा २०१९ मध्ये उभी राहिली, आणि तिने माजी मंत्र्यांनाही न्यायालयात उभे केले आहे.

उद्योग, ऊर्जा, स्थलांतर : बुल्चिझा येथील क्रोमाइटच्या (क्रोमियम धातूच्या खनिजाच्या) बळावर १९८० च्या दशकात आल्बेनिया जगातील अग्रगण्य उत्पादकांत होता, पुढे खाणी सरकारी परवानाकरारांवर (कन्सेशन) खाजगी कंपन्यांकडे गेल्या. फियेरजवळील पातोस-मारिंझा हे युरोपातील जमिनीवरील (सागरी नव्हे अशा) मोठ्या तेलक्षेत्रांपैकी एक आहे. देशात निर्माण होणारी बहुतांश वीज जलविद्युत् असून तिचा मोठा वाटा द्रिन नदीवरील फियेर्झा, कोमान व वाउ इ देयेस या साखळी प्रकल्पांतून येतो. द्रिनच्या खोऱ्यात पाऊस कमी पडला की परदेशातून वीज विकत घ्यावी लागते. इटालियन कंपन्यांकडून कापड व चामडे आणून कपडे व पादत्राणे शिवून परत पाठवण्याच्या उद्योगाला ‘फासोन’ म्हणतात. त्यात प्रामुख्याने स्त्रिया काम करतात. पर्यटनाचा विस्तार अलीकडचा आहे. २०२३ मध्ये एक कोटीहून अधिक परदेशी लोकांनी देशात प्रवेश केला.

आल्बेनिया १ एप्रिल २००९ रोजी नाटोचा सदस्य झाला. युरोपीय संघाने जून २०१४ मध्ये उमेदवारीचा दर्जा दिला, जुलै २०२२ मध्ये सदस्यत्वाच्या वाटाघाटी सुरू झाल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांतील पहिला प्रकरणसमूह (वाटाघाटींच्या विषयांचा गट) खुला झाला. डिसेंबर २०१० पासून आल्बेनियन नागरिकांना शेंगेन (आपसांत सीमातपासणी नसलेल्या युरोपीय) देशांत अल्प मुक्कामासाठी व्हिसा लागत नाही. तरुणांचे जाणे त्यानंतरही थांबलेले नाही. कायदा क्र. ७५०१ खाली वाटलेल्या कित्येक तुकड्यांचे धारक आज अथेन्स, मिलान वा लंडन येथे राहतात आणि जमीन गावी राहिलेले आईवडील सांभाळतात.