वावर उकलतं तेव्हा

मे महिन्यात आमच्या वावरातल्या भेगेत तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी, सोडली, की निम्मीअधिक आत जाते. लहानपणी आम्ही या भेगांत चिंचोके टाकून कान लावायचो. तळाला लागल्याचा आवाज कधी आला नाही. बाबा म्हणायचे, "तापू दे, उकलू दे. उकलल्याबिगर वावर पिकत नाही." त्यामागचं कारण मला फार उशिरा कळलं.

पश्चिम विदर्भाची काळी माती सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची, म्हणजे बेसॉल्टची लेक. बेसॉल्ट झिजला की मुरूम होतो आणि मुरमातून पुढे मॉन्टमोरिलोनाइट कुळातली चिकणमाती. हिचा कण 0.002 मिलिमीटरहून बारीक आणि पत्त्यांच्या कॅटासारखा पापुद्र्यांचा. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की तो फुगतो, निघून गेलं की आकसतो. आकसताना जमीन फाटते, तीच भेग. उन्हाळाभर वरची भुसभुशीत माती आणि काडीकचरा या भेगांत पडत राहतो. पावसाळ्यात खालची माती फुगते, पण भेग आधीच भरलेली. मग ती वर आणि बाजूला रेटली जाते. वर्षानुवर्षं वावर असं स्वतःला आतून नांगरत असतं. विहीर खणताना चार-पाच फुटांवरचं ढेकूळ फोडून पाहा, एखादी बाजू तेल लावल्यासारखी चकाकते. मातीवर माती घासून आलेली ती चकाकी. मृदाशास्त्रात या मातीला व्हर्टिसोल म्हणतात, उलथणे या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून.

काळा रंग म्हणजे भरपूर कस, हा समज मात्र सोडून द्यावा. आपल्या बहुतेक वावरांत सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून आलेला कार्बन, एक टक्क्याच्याही खाली आहे.

पूर्वेला भंडारा, गोंदियाकडे निघालं की बेसॉल्ट संपतो, ग्रॅनाइट आणि नाइस हे जुने खडक लागतात आणि माती बदलते. तिकडचा धानवाला कन्हार, मोरांड, खरडी, सिहार अशी नावं घेतो आणि त्या नावावरूनच पाणी किती टिकेल ते सांगतो. मातीचा देशभराचा नकाशा करणारा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो नागपुरातच आहे, पण धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभं राहून बोलायला ही जुनी नावंच बरी.

आता या मातीची खोड. पहिला पाऊस भेगा गटागटा पितात. दोन-चार दमदार पावसांत भेगा मिटल्या, की त्याच वावरात पाणी मुरणं जवळपास थांबतं. वरची ढेकळं तोवर विरघळून लोणी झालेली असतात आणि ती घेऊन पाणी उताराने पळतं. एका हेक्टरवरून फक्त 1 मिलिमीटरचा थर गेला तरी 10 घनमीटर माती गेली, म्हणजे बारा-तेरा टन. डोळ्याला काही दिसत नाही. उलट 1 सेंटिमीटर माती घडायला शेकडो वर्षं लागतात.

आपली चौफुली लागवड, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही ओळींत सारख्या अंतरावर झाडं, इथे घात करते. उभी-आडवी डवरणी, म्हणजे बैलाच्या डवऱ्याने ओळींमधली कोळपणी, जमते म्हणून पऱ्हाटी (कपाशी) चौफुलीवर लावायची, ते ठीक. पण शेवटचा डवरा उताराच्या दिशेने फिरला, तर प्रत्येक तास, म्हणजे पिकाची ओळ, एक छोटा नाला होतो. धुरा कोरून दोन तास वाढवणाऱ्यांना तर मी अडाणीच म्हणेन. ज्या कुंद्याच्या तणाला आपण शिव्या देतो, त्याच्याच मुळ्या धुरा धरून ठेवतात.

उपाय स्वस्त आहे. शेवटची डवरणी उताराला आडवी करायची आणि डवऱ्याला दोरी गुंडाळायची, म्हणजे माती दोन्ही बाजूंनी झाडाला लागते आणि मध्ये सरी पडते. सरीत पाणी थबकतं, गाळ तिथेच बसतो. फक्त आडव्या सरीलाही किंचित ढाळ ठेवावा. भारी वावरात पाणी तुंबलं की पऱ्हाटी पिवळी पडायला वेळ लागत नाही.