उलट्या होडीचं छप्पर आणि व्हॉल्यूम शून्य

मालवणजवळ एका होमस्टेचं काम चालू आहे, मालकांना छप्पर उलट्या होडीसारखं पाहिजे होतं. काढायला मजा आली, पण ते मॉडेल बिल्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नेलं आणि व्हॉल्यूम दाखवतंय शून्य! स्क्रीनवर छप्पर एकदम झकास, फक्त सॉफ्टवेअरच्या मते तो सॉलिडच नाही, नुसते सुटे पत्रे आहेत, त्यामुळे स्कायलाइटचं भोकही पाडता येईना. दोन रात्री गेल्या माझ्या त्यात.

कम्प्युटरमधला सॉलिड आतून भरलेला नसतोच. असते ती फक्त बाहेरची साल, तुकडे जोडून केलेली, आणि सगळे सांधे बंद असले तरच आत-बाहेर ठरतं आणि व्हॉल्यूम निघतं. याला आम्ही वॉटरटाइट म्हणतो. बंदरावर होडी बांधणाऱ्या सुतारकाकांना हे सांगितलं तर हसले, म्हणाले, "फळयो टेकल्यो म्हणजे होडी झाली नाय, फट बुजवूक व्हयी." ते कापूस ठासतात, सॉफ्टवेअर टॉलरन्स ठासतं, म्हणजे किती फट चालेल त्याची मर्यादा.

आणि गंमत बघा, हे वाकडे पृष्ठभाग ज्या गणितावर चालतात त्यातला स्प्लाइन हा शब्दच मुळात जहाजं आखणाऱ्यांच्या लवचिक लाकडी पट्टीचा, तो गणितात आणला शोएनबर्ग यांनी १९४६ मध्ये. पट्टी ठरलेल्या बिंदूंवर वजनं ठेवून दाबायची, मधला वाक ती स्वतःच घेते.

सपाट भिंती एकमेकींना सरळ रेषेत भेटतात, प्रश्न मिटला. पण असे दोन वाकडे तुकडे भेटतात ती रेष भयानक असते, नेहमीच्या बायक्युबिक (दोन्ही दिशांनी तीन घाताच्या) तुकड्यांच्या छेदरेषेचं गणित ३२४ घातापर्यंत जाऊ शकतं! मग प्रोग्रॅम काय करणार, जवळपासची सोपी रेष काढतो आणि फट टॉलरन्सच्या आत आहे ना बघून पुढे जातो. पाठवणाऱ्याला ०.०१ मिमी चालतं, घेणाऱ्याला ०.००१ पाहिजे, की झाली होडी गळकी, फाइलमध्ये तसं काही मोडलेलं नसताना.

मग सोपा उपाय म्हणून सगळे सुचवतात, मेश कर, म्हणजे वाकाच्या जागी छोटे सपाट तुकडे. चालतं, पण फुकट नाही. ३ मीटर त्रिज्येची गोल विहीर धरा, १२ बाजूंची केलीत तर प्रत्येक बाजू मध्यावर खऱ्या वर्तुळापासून १० सेंमी आत येते आणि खोदाई साडेचार टक्क्यांनी कमी दिसते, जांभा फोडणारा काही त्या हिशोबाने बिल लावणार नाही. ७२ बाजू केल्या तर फरक ३ मिमीच्या आत, पण फाइल जड. म्हणून मेश शेवटी.

मी छप्पर मधोमध कापलं, दोन्ही अर्धे वेगवेगळे पाठवले, एक गेला एक अडला. अडलेला परत कापला. असं पाच-सहा वेळा केल्यावर चोर सापडला नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या निमुळत्या भागाच्या, टोकाशी, तिथे सगळा पृष्ठभाग चिमटून ०.३ मिमीची एक कड झाली होती. रेव्हिट या बिल्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तर १/३२ इंच म्हणजे साधारण ०.८ मिमीहून छोटी रेष काढताच येत नाही, बाकी प्रोग्रॅमांच्याही अशा मर्यादा असतात. टोक थोडं छाटलं, वर छोटं वेगळं झाकण बसवलं, कंट्रोल पॉइंट, म्हणजे वाक ठरवणारे बिंदू, कमी करून पृष्ठभाग परत बनवला.

तरी छप्पर थरथरत होतं. कारण वेगळंच, सर्व्हेवाल्याने यूटीएमचे, म्हणजे नकाशाच्या मीटरमधल्या ग्रिडचे, आकडे तसेच दिले होते. मालवणात विषुववृत्तापासून उत्तरेचा आकडा पावणेअठरा लाख मीटरच्या आसपास येतो, आणि स्क्रीनवर चित्र काढणारा भाग बहुतेक ३२ बिटचे आकडे वापरतो, त्यात एवढ्या मोठ्या संख्येच्या पुढची संख्या थेट साडेबारा सेंमीवर असते! मधलं काही लिहिताच येत नाही. मॉडेल शून्याजवळ आणलं, थरथर बंद.

आता व्हॉल्यूम येतंय, स्कायलाइटचं भोकही पडलं. झूम केलं तर नाळेवर झाकणाची बारीक रेघ दिसते. मालकांना अजून सांगितलेलं नाही.